मला गोणपाटात गुंडाळलं तो दिवस

मित्रांनो, वय विचाराल तर मी अवघा चार वर्षांचा. पण एवढे धक्के झेललेत की सगळे मला जुनाच म्हणतात. मी दाब मोजणारा सेन्सर आहे. पनवेलच्या एका छोट्या प्रयोगशाळेत किशोरीताईंनी मला घडवलं. केसाएवढी काचेची तार आणि तिच्या टोकाला इवलासा पडदा, एवढाच माझा संसार! तारेतून प्रकाश येतो, पडद्याला शिवून परत जातो. कुठे स्फोट झाला की हवेची लाट धावत येते, पडदा दबतो आणि परतणारा प्रकाश बदलतो. त्यावरून लाटेचा जोर कळतो. माझं कौतुक खूप झालं. मग नवी यंत्रं आली आणि मी वर्षभर डब्यात पडून राहिलो. फार वाईट वाटायचं.

आणि एके दिवशी ताईंनी डबा उघडला!

खाडीकाठच्या कोळीवाड्यात गुणाबाई राहतात. गावामागे दगडखाण आहे. सुरुंग उडाला की त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत तडके. भेग जिथवर जाई तिथे त्या कुंकवाचा ठिपका लावत. अकरा ठिपके झाले, तेव्हा त्यांनी तक्रार केली आणि धक्का मोजायचं काम ताईंकडे आलं. मोजणीच्या दिवशी दोन सुरुंग उडणार होते. धक्का मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर खाणीला सुरुंगात दारू कमी भरावी लागणार होती. नाहीतर तक्रार बंद.

ताईंनी मला अंगणात विटेवर बसवलं आणि तार घेऊन त्या लांब यंत्रापाशी गेल्या. मी नुसता उतावीळ झालो होतो! तेवढ्यात गुणाबाई आल्या. जन्मभर मासळी विकलेली बाई. उन्हात काही उघडं पडलेलं त्यांना बघवत नाही. त्यांनी मला ओल्या गोणपाटात चार वेढे गुंडाळलं, वर घमेलं पालथं घातलं आणि त्याही लांब जाऊन उभ्या राहिल्या.

सुरुंग उडाला. लाट आली, पण गोणपाटातच दमली.

"बघा, काहीच नाही," खाणीचे मॅनेजर सत्यजीत म्हणाले. "लिहून टाका."

"थांबा. यंत्रावरची ही रेषा कड्यासारखी ताठ चढायला हवी. ही टेकडीसारखी का?" असं म्हणत ताई अंगणाकडे धावल्या आणि त्यांनी घमेलं उचललं. "आजी, हे तुम्ही केलंत?"

"उन्हान सुकला असता गो बाय! मावरा आमी असाच झाकतो." ताईंचा चेहरा बघून गुणाबाई घाईघाईनं गोणपाट सोडू लागल्या. "मीच माजी भिंत बुडवली काय?"

"नाही आजी. पण याला लाट लागायलाच हवी. अजून एक सुरुंग बाकी आहे."

सत्यजीतही मागोमाग आले आणि त्यांनी ओलं गोणपाट चाचपलं. मग म्हणाले, "पहिला आकडा खोडा. झाकून मोजलेलं आम्हालाही नको."

चार वाजता दुसरा सुरुंग उडाला. लाट आली! थाडकन आदळली! पडदा दबला, प्रकाश माघारी धावला आणि रेषा सरळ वर चढून मर्यादेच्या पार गेली. मित्रांनो, इतका आनंद मला कधीच झाला नव्हता!

खाणीनं दारू कमी केली. आजही प्रत्येक सुरुंगाआधी मी त्या अंगणात बसतो. गुणाबाई माझ्यावरची धूळ फुंकतात, कावळे हाकलतात, पण गोणपाटाला हात लावत नाहीत. तुम्हीही माझी निगा राखा, तार वाकवू नका; मात्र कामाच्या वेळी मला उघडंच राहू द्या.

भिंतीवरचा बारावा ठिपका त्या चारच्या सुरुंगाचा. तेरावा अजून लागलेला नाही.