अंगठाभर झाकलेला मुलूख

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. छापखान्यातून मी दोन ताव होऊन निघालो. साल एकोणीसशे बहात्तर. एका लहानशा विमानतळाच्या साहेबांनी स्वतः खळ लावून मला फळीवर चिकटवलं. फळी अंगठाभर तोकडी निघाली, तेव्हा त्यांनी एक ताव दुसऱ्यावर तेवढाच सरकवला आणि हात झटकले.

मग पट्टी ठेवून त्यांनी पलीकडच्या विमानतळाचं अंतर मोजलं. एकशे ब्याण्णव किलोमीटर. आमचं छोटं विमान मिनिटाला चार किलोमीटर जाई, म्हणून वेळापत्रकावर अठ्ठेचाळीस मिनिटं लिहिली गेली.

विमानाला मात्र रोज त्रेपन्न लागत.

"माझ्या नकाशावर दोनशे बारा भरतात, साहेब," कप्तान म्हणत.

"तुमचा नकाशा घड्या घालून घालून चिंध्या झालाय. भिंतीवरचा बघा, कसा ताठ आहे."

ती स्तुती ऐकून मी फुलून जाई. आज त्याची लाज वाटते.

रोजचा उशीर कप्तानांच्या नावावर लागू लागला. महिनाअखेरपर्यंत सुधारणा झाली नाही, तर त्यांची दूर बदली करा, असं साहेब वर लिहिणार होते. कप्तानांचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांना भरवायला, कुशीवर वळवायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

मला रोज पुसायला एक मावशी येत. त्यांना वाचता येत नव्हतं. एके दुपारी त्यांनी तिकीट खिडकीवरच्या मुलीला हाक मारली.

"पोरी, यात माझं माहेर दाखव बघू."

मुलीने नाव विचारून खूप शोधलं, पण शेजारचं मोठं गाव तेवढं सापडलं; तिने त्यावर बोट ठेवलं. "नाही गं मावशी. गाव फारच लहान असेल."

"लहान काय? शाळा आहे, बाजार भरतो. हे मोठं गाव सोडलं की नदी, नदी ओलांडली की आमचं घर." मावशींचं बोट माझ्या जोडावर थांबलं. "इथे तर नदीच नाही. कुणी उचलून नेली?"

मुलीने वाकून पाहिलं. जोडापाशी रस्ताही पायरीसारखा सरकलेला होता. तिने नखाने वरचा ताव हळूच सोडवला. खाली नदी होती, पूल होता आणि मावशींचं माहेर होतं. तेवढ्या पट्टीत वीस किलोमीटर दडले होते.

मुलीने साहेबांना बोलावून जोड दाखवला, तेव्हा त्यांनी अंतर पुन्हा मोजलं. दोनशे बारा भरले. मग स्वतः सुतार बोलावून त्यांनी फळी वाढवून घेतली, वेळापत्रकावर त्रेपन्न लिहिलं आणि कप्तानांसमोर चहाचा कप ठेवला.

"चिंध्या मीच केल्या होत्या," ते म्हणाले.

"चहा गोड आहे, साहेब. चालेल," कप्तान हसले.

कप्तानांनी त्याच मार्गावर अकरा वर्षं विमान चालवलं. वडील शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिले. तिकिटाची मुलगी पुढे त्याच विमानतळाची साहेब झाली. जुने साहेब निवृत्तीनंतर नातवंडांना भूगोल शिकवत आणि प्रत्येक अंतर दोनदा मोजायला लावत. मावशींनी एकदाच विमानप्रवास केला आणि सगळा वेळ नाक काचेला लावून ठेवलं.

मी आता एका शाळेच्या वर्गात आहे. मुलं माझ्यावर बोटं फिरवतात, त्यात मला आनंद आहे. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. मला लावायला जागा कमी पडली, तर फळी वाढवा, मला झाकू नका. माझ्या अंगठाभर कागदातही कुणीतरी राहत असतं.