बटणमावशींची सुटणारी गाठ

पानगळ सुरू झाली, सुट्ट्या लागल्या आणि वृद्धाश्रमाचा मजला निम्मा रिकामा झाला. कुणाचा मुलगा गाडी घेऊन आला, कुणाची भाची. जाणारे उगाच मोठमोठ्याने निरोप घेत होते आणि राहणारे "जा, जा, मजा करा" म्हणत जिन्यापर्यंत जात होते. मग राहिलेला जो तो आपापल्या खोलीत शिरला आणि दार लावून बसला. या मंडळींनी तोंड पाडून बसू नये म्हणून व्यवस्थापकांनी हस्तकलेचा वर्ग काढला. दारावर पाटी लागली, 'ज्येष्ठांसाठी सोपी हस्तकला'. पाटी वाचून बटणमावशींना हसू आलं.

येणारच. तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं करण्यात आणि बटणं लावण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. तिथे पडलेलं नाव इथेही सोबत आलं होतं. गुडघे गेले, कान थोडे गेले, पण बोटं अजून शहाणी होती. वाळलेली पानं ओवून माळ करायची, हे काम त्यांनी गप्पा मारता मारता उरकलं असतं. पण पहिल्याच दिवशी गाठ मारताना दोरा निसटला.

तो खरोखरच निसटला, त्यात लबाडी नव्हती. हस्तकलेच्या बाई चटकन शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी मावशींचा हात आपल्या हातात घेतला.

"असं धरा मावशी. हं. आता हे बोट इथे."

बाईंचा हात उबदार होता. आपल्या हाताला कुणी हात लावल्याला किती दिवस झाले, हे मावशींना त्या क्षणी कळलं. रक्तदाब मोजायला नर्स यायची, पण ती दंडाला पट्टा गुंडाळून आकड्याकडे बघायची. मुलगा फोनवर "पुढच्या सुट्टीला नक्की" म्हणायचा. फोनला कुठे हात असतात! मावशींना एवढं भरून आलं की त्यांनी मान खाली घालून पानं निवडल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशींची एकही गाठ टिकेना. असल्या गाठी कारखान्यात मारल्या असत्या, तर मुकादमाने सरळ बाहेरचा रस्ता दाखवला असता. इथे मात्र बाई दर वेळी येऊन बसायच्या, हात धरायच्या आणि घरचं काहीबाही सांगायच्या. स्वयंपाकघरातला नळ गळतो, नवरा घोरतो, मुलीला गणित म्हटलं की पोटात दुखतं. बोलणं संपत आलं की मावशी हळूच दोरा सोडून द्यायच्या.

"बघा, परत सुटली मेली!"

"सुटू द्या हो. पुन्हा मारू," म्हणत बाई बसून राहायच्या, आणि मावशींच्या जिवात जीव यायचा. एवढ्या भल्या बाईला आपण फसवतोय, हे त्यांना बोचत होतं. पण तेवढं बोचून घ्यायची त्यांची तयारी होती.

बाईंना मात्र त्यांची दया येऊ लागली. एक दिवस त्या हसत हसत एक पाकीट घेऊन आल्या.

"मावशी, खास तुमच्यासाठी शोधून आणलंय. दोरा नको, गाठ नको, कात्री नको. पानं कापून तयार आहेत, मागे गोंदही आहे. कागद सोलायचा आणि चिकटवायचं. आता कुणाची मदतच लागणार नाही तुम्हाला!"

"अहो, कशाला एवढी तसदी," मावशी म्हणाल्या.

बाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथे घड्याळजी बसले होते, नवीनच आलेले. घड्याळं दुरुस्त करून आयुष्य काढलेला माणूस, आणि आता हात असा थरथरायचा की पानं खाली पडायची. बाईंनी त्यांचा हात धरला आणि गळक्या नळाची गोष्ट सुरू केली. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो नळ त्यांचा होता! येतं म्हणून कबूल करावं, तर बाई कौतुक करून निघून जाणार. येत नाही म्हणावं, तर हे पाकीट आहेच. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्या मुकाट्याने पानं चिकटवत राहिल्या, आणि ती तर बघता बघता संपली.

तेवढ्यात बाईंना कार्यालयातून बोलावणं आलं. बाकीची मंडळी पेंगत होती. मावशींनीही मान टाकली, पण एक डोळा किलकिला ठेवला. घड्याळजींनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचा हात थांबला. दोऱ्याचं टोक ओलं करून त्यांनी ते एका झटक्यात सुईत ओवलं आणि इवलीशी, नेटकी गाठ मारली. मग ती सोडवून दोराही काढून टाकला आणि ते दाराकडे बघत बसले.

'लबाड कुठला!' मावशींच्या अगदी ओठांवर आलं होतं.

दारात पावलं वाजली. घड्याळजींचा हात थरथरू लागला. बाईंनी नुसतं डोकं आत घातलं. "मुलीला ताप आलाय, मला निघावं लागेल. उद्या बघू हं!" आणि त्या गेल्यासुद्धा. हात थोडा वेळ उगाच थरथरला, मग मांडीवर पडून राहिला. त्या रिकाम्या हाताकडे मावशींना बघवेना.

खुर्ची ओढत त्या त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "द्या तो दोरा. ओवून देते."

"तुम्हाला कुठे जमतंय? बाई सांगत होत्या."

"नाहीच जमत," मावशी म्हणाल्या. "तुम्ही सुई धरा. हात केवढा हलतोय तुमचा!" आणि त्यांनी घड्याळजींचा हात आपल्या हातात घट्ट धरला. तो मुळीच हलत नव्हता.

मावशींनी दोरा अगदी सुईच्या नेढ्यापाशी नेला आणि सफाईने चुकवला. घड्याळजींनी त्या बोटांकडे पाहिलं, मग मावशींच्या तोंडाकडे. त्यांना कळायचं ते कळलं.

"अवघड आहे हो हे काम," ते म्हणाले आणि त्यांनी हात तसाच राहू दिला.