सेव्हचं बटण नसलेली सिस्टिम

धाकटीने करारावर सही करायला साफ नकार दिला, तेव्हा दादाने आधी लाडीगोडी लावून पाहिली, मग डोळे वटारले. दोन्ही वाया गेलं. ती लहानपणापासून अशीच, एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी नाहीच.

कारखाना दोघांचा. कॉम्प्युटरची पेटी दादाची, तिच्यात चालणारी सिस्टिम धाकटीची. गोदामात न विकलेली यंत्रं छताला टेकली होती आणि समोरच्या खोलीत प्रतिस्पर्धी कंपनीचे मालक ऐसपैस बसले होते. ही सिस्टिम आपल्या स्वस्त यंत्रांवर चालवायचा परवाना त्यांना हवा होता.

"अगं, चांगली वस्तू घरात कोंडून काय मिळवणार आपण?" दादा बाहेर बोळात कुजबुजला. "आपण नाही म्हटलं तर दुसरं कुणी त्यांना असलंच काहीतरी देईल. मग बस गोदामाची राखण करत. कामगारांना काय तोंड दाखवू मी?"

तो खोटं बोलत नव्हता, हेच धाकटीला जास्त झोंबलं.

"देऊ नको असं नाही म्हणत मी. त्यांच्या पेटीत बॅटरी नाही, दादा."

"झालं, पुन्हा तुझी बॅटरी."

तिची बॅटरी म्हणजे खरं तर आईची. दोघा भावंडांच्या अगदी पहिल्या यंत्रावर आईने अख्खी दुपार बसून स्वतःच्या आईविषयी लिहिलं होतं. वीज गेली आणि सगळं गेलं. आई पुन्हा कधी यंत्रापाशी बसली नाही. धाकटीने मग सिस्टिम मुळापासून लिहिली आणि सेव्हचं बटणच काढून टाकलं. वीज गेली की पेटीतली अंगठ्याएवढी बॅटरी क्षणभर तग धरी, तेवढ्यात सिस्टिम सगळं जपून ठेवी. तेव्हापासून कारखान्यात रिवाजच पडला. यंत्र जोडणाऱ्याने त्यावर स्वतःचं काहीतरी जिवाभावाचं लिहायचं आणि शेजाऱ्याने न सांगता प्लग ओढायचा. लिहिलेलं परत आलं तरच यंत्र दाराबाहेर.

"अशी कितीदा वीज जाते?" दादा म्हणाला.

"एकदा गेली तरी पुरे. आणि शिव्या काय पेटीला देतात लोक? पडद्यावर नाव आपलं असतं."

दोघं आत आले. करार पाहुण्यांनी नमुन्यादाखल ही सिस्टिम घालून मिरवायला आणलेल्या त्यांच्याच यंत्रावर लिहिला जात होता. एकेका कलमावर दुपारभर घासाघीस झाली होती.

"बघा ताई, किती सुरेख चालते तुमची सिस्टिम आमच्याकडे," पाहुणे म्हणाले.

धाकटी टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेली आणि तिने प्लग ओढला.

पडदा काळा पडला. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने प्लग पुन्हा लावला, यंत्र गुमान सुरू झालं. कराराचं पान कोरं होतं.

"हा पोरखेळ झाला, ताई," पाहुण्यांचं हसू मावळलं. "पुन्हा लिहू आम्ही."

"लिहा की." तिने खुर्ची ओढली आणि प्लगशेजारीच ठाण मांडलं. "मी इथेच आहे."

दादाने कीबोर्ड जवळ घेतला. आता तिला खरी भीती वाटली. त्याने तोच करार पुन्हा लिहिला, तर ह्यापुढे त्याच्याशी बोलायचं तरी कसं? त्याने एकच ओळ लिहिली आणि पडदा पाहुण्यांकडे वळवला. प्लग ओढून तपासल्याशिवाय एकही यंत्र विकलं जाणार नाही, हे पहिलं कलम.

"म्हणजे बॅटरी आली, किंमत वाढली. मग आम्ही स्वस्त म्हणून विकायचं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा," दादा म्हणाला. "ह्याशिवाय सिस्टिम मिळणार नाही."

पाहुण्यांनी यंत्र काखोटीला मारलं आणि ते चालू लागले.

दादाने गोदामाच्या दाराकडे पाहिलं. "आता गं?"

"एक यंत्र खाली आपल्या दुकानाच्या दारात मांडू. येईल त्याला सांगायचं, हवं ते लिहा आणि आम्हाला प्लग ओढू द्या."

"आणि कुणी थांबलंच नाही तर? पहिलं लिहिणार कोण?"

धाकटीने फोन उचलला.

"आई, कारखान्यात ये. तेव्हाचं ते सगळं पुन्हा लिही. दादा प्लग ओढणार आहे."