शिलेदाराची साक्ष

इझार्न नावाचा शिलेदार आमच्या बाईसाहेबांवर सहा वर्षं गाणी करत होता, आणि त्यांचे यजमान बेर्मोन ती मांडीवर ताल धरून ऐकत असत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पेईरालबाच्या गढीत जेवणं आटोपली, की इझार्न उठायचा, कमरेचा पट्टा सारखा करायचा आणि सुरू व्हायचा. ज्या घरच्या बाईवर गाणी होतात, त्या घराचं खोऱ्यात नाव होतं. बेर्मोन पाहुण्यांना सांगत, "बायको माझी, आणि झुरतोय हा."

गाण्यात बाईसाहेबांचं नाव घ्यायचं नसतं. तो त्यांना 'माझे धनी' म्हणे, पुरुषाला म्हणावं तसं. माझे धनी कठोर आहेत, धन्यांनी हुकूम केला तर आगीत उडी घेईन, त्यांच्या एका नजरेवर वर्ष काढीन, असं सगळं. सोरिमोंदा बाईसाहेबांनी तेवढा वेळ मान खाली घालून भरतकाम करत बसायचं. हसायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. मी, एग्लीना, त्यांच्या माहेरून त्यांच्यासोबत आलेली दासी. एकदा मी त्यांची वेणी घालत असताना त्या म्हणाल्या, "आज मी कुठे कठोर झाले गं?"

"तिसऱ्या कडव्यात."

"तेव्हा माझी पाठ दुखत होती."

सातव्या वर्षी शिकारीत बेर्मोनच्या मांडीत रानडुकराचा सुळा घुसला. जखम चिघळली. आठव्या दिवशी, आपलं काही खरं नाही हे ओळखून, त्यांनी पाद्रीबाबांना आणि इझार्नला बोलावून घेतलं. मी ओला फडका घेऊन पलंगाशी होतेच. बेर्मोननी आपला कातडी हातमोजा बाईसाहेबांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "वालक्लाराचा बुरूज आणि त्याखालचे द्राक्षमळे हिचे. ही जिवंत असेपर्यंत तिथे कुणी हात लावायचा नाही." आमच्याकडे जमीन द्यायला एवढं पुरतं, मात्र ऐकणारी माणसं मागे राहिली पाहिजेत.

बेर्मोनना मूल नव्हतं. गढी धाकट्या भावाकडे, गॉसबेर्तकडे गेली. पाद्रीबाबा पुढच्याच वसंतात तापाने गेले. मग एक दिवस गॉसबेर्त बाईसाहेबांच्या खोलीत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, तुम्ही आता मठात जा. तिथल्या बायका चांगल्या आहेत. वालक्लारा मला लागणार आहे."

"भावजी, वालक्लारा माझा आहे."

"असं कोण म्हणतं?"

"तुमचे भाऊ म्हणाले."

"ते आता बोलत नाहीत. पाद्रीही बोलत नाही. आणि ही तर तुमचंच मीठ खाते." असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

खोऱ्याचे मुख्य सरदार द्राक्षांचा हंगाम उलटल्यावर न्यायाला बसणार होते. त्यांच्यासमोर ज्याचा शब्द चालेल असा एकच माणूस उरला होता. बाईसाहेबांनी इझार्नला मागच्या बागेत बोलावलं. मी चार पावलांवर लव्हेंडर कापत होते. तो आला आणि नेहमीसारखा एका गुडघ्यावर बसला, जोडलेले हात पुढे करून.

"उठा," बाईसाहेब म्हणाल्या. "काम आहे."

"हुकूम करा."

"त्या दिवशी यजमान जे बोलले ते सरदारांपुढे सांगा. तेवढंच."

तो सावकाश उठला. गुडघ्याची माती झटकायला त्याला जरा वेळ लागला.

"बाईसाहेब, माझा घोडा गॉसबेर्तसाहेबांचा. चिलखत त्यांचं. त्यांच्या हातात हात देऊन मी शपथ घेतली आहे."

"मला माहीत आहे."

"दुसरं काहीही सांगा. जेरुसलेमला जा म्हणा, उद्या निघतो. कुणाशी लढायचं असेल तर त्याचं नाव सांगा."

"जेरुसलेममध्ये माझं काही अडलेलं नाही. तुम्ही चार वाक्यं बोलण्यावर अडलं आहे."

"माझ्या धन्याविरुद्ध?"

"तुमचा धनी कोण, हे सहा वर्षं तुम्हीच सगळ्यांना सांगत आलात."

"ते गाणं होतं," इझार्न म्हणाला. अगदी हळुवारपणे म्हणाला, लहान मुलाची चूक सुधारावी तसं. "मला वाटलं, आपल्याला ते कळतं."

"कळत होतं. म्हणूनच मी कधी काही मागितलं नाही."

तो गेल्यावर बाईसाहेब बाकावर बसल्या. रडल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "त्याचं ते लांबलचक गाणं आहे ना, आगीत उडीवालं, त्याची चाल मला गुणगुणून दाखव."

चार दिवस बाईसाहेब त्या चालीवर शब्द बसवत होत्या. आमच्या भागात बायका गाणी रचत नाहीत असं नाही, पण ती आपल्या खोलीत, आपल्या बायकांपुढे. बाईसाहेबांनी ते हंगामाच्या मेजवानीत म्हटलं. खोऱ्यातले सगळे शिलेदार बसले होते. त्या उठल्या, भरतकाम माझ्याकडे दिलं आणि गायला लागल्या. आवाज काही गोड नव्हता. गाण्यात एवढंच होतं की, माझा एक शिलेदार आहे, तो माझ्यासाठी मरायला तयार आहे. मी म्हटलं मरू नकोस, बोल, तर त्याची जीभ टाळूला चिकटली. तो मला धनी म्हणतो. धन्याने एकदा हुकूम केला, तर तो म्हणतो, मी चाल लावत होतो. कुणाचंही नाव नव्हतं, नियमाप्रमाणे.

मग कोपऱ्यातला एक म्हातारा शिलेदार हसला, आणि त्याच्यामागून बाकीचे. इझार्न भाकरीचा तुकडा बोटांत धरून तसाच बसला होता.

गॉसबेर्त म्हणाले, "वहिनी, बाईने गाण्यात कठोर असावं. उठून गाऊ नये."

"कठोर आहे म्हणून तर गायले, भावजी."

ते गाणं म्हणायला सोपं होतं. तीन आठवड्यांत खेचरवाल्यांच्या तोंडी बसलं. इझार्न कुठल्याही गढीत शिरला, की कुणीतरी ती चाल तोंडातल्या तोंडात धरे. पूर्वी ती ऐकून लोक त्याच्याकडे कौतुकाने बघत.

न्यायाच्या दिवशी तो येईल असं बाईसाहेबांना वाटत नव्हतं. मलाही नाही. पण तो आला. सरदारांपुढे उभा राहून त्याने हातमोजा, बुरूज, मळे आणि 'ही जिवंत असेपर्यंत' हे सगळं सांगितलं. शेवटी सरदारांनी विचारलं, "हे शपथेवर?" तो म्हणाला, "हो." बाईसाहेबांकडे त्याने पाहिलं नाही. वालक्लारा त्यांना मिळाला.

गॉसबेर्तनी तिथेच घोडा, तलवार आणि चिलखत परत मागितलं. लोखंडी कड्यांचं चिलखत एकट्याला सहसा उतरवता येत नाही. मदतीला कुणी पुढे झालं नाही. तो कमरेत वाकला, डोकं खाली घातलं आणि अंगाला हिसके देत राहिला, तेव्हा कुठे ते सरकत सरकत जमिनीवर पडलं. मग घामेजल्या सदऱ्यावर तो आमच्या खेचरांमागून वालक्लारापर्यंत चालत आला.

बुरुजाचं छप्पर गळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इझार्न बाईसाहेबांपुढे गुडघ्यावर बसला. त्या म्हणाल्या, "उठा. आधी छपराचं बघा." त्याने छप्पर केलं. मग मळ्यांची देखभाल त्याच्याकडे आली. पहिल्या वर्षी त्याने निम्मे वेल चुकीचे छाटले.

त्या वसंतात त्याने एकदा विचारलं. मी तिथेच लोकर विंचरत होते, पण माझ्यासमोर बोलायला शिलेदार कधी संकोचत नसत.

"आता तरी आपल्या मनात माझ्यासाठी काही आहे का?"

बाईसाहेबांनी विचार करून उत्तर दिलं. "तुम्ही माझ्यासाठी सगळं घालवलंत, हे मी विसरणार नाही. इथे तुम्हाला मरेपर्यंत घर आहे. पण प्रेम कसं करायचं ते मला कुणी शिकवलं नाही, इझार्न. गाणं चालू असताना कसं बसायचं, तेवढं शिकवलं."

तो "बरं" म्हणाला आणि मळ्यात गेला. त्यानंतर त्याने गाणं केलं नाही.

तिसऱ्या वर्षी, द्राक्षं तुडवायच्या हौदापाशी, त्याने मला विचारलं, "एग्लीना, तुझं माझ्याबद्दल काय मत आहे?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "छाटणी आता बरी जमते. साक्ष कशाला दिलीत, ते सांगा."

"लाज वाटली म्हणून."

"प्रेमाखातर नाही?"

"तेव्हा तसंच म्हणायचो. पण लाजच होती."

मला ते उत्तर पटलं. आमचं लग्न हिवाळा सुरू व्हायच्या आधी झालं. बाईसाहेबांनी मला त्यांचा हिरवा झगा दिला आणि स्वतः माझा हात त्याच्या हातात ठेवला. त्यांना काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही.

महिन्याभराने आम्ही दोघी अंगणात बदाम फोडत बसलो होतो. हातातला दगड थांबवून त्या म्हणाल्या, "घोरतो का गं तो?"

"घोरतो."

त्या हसल्या, अगदी डोळे पुसावे लागेपर्यंत. मग म्हणाल्या, "आणि बोलतो काही?"

"बोलतो की. मेंढ्यांबद्दल जास्त."

"बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि बदामांची टोपली आमच्या दोघींच्या मधे सरकवली.