टकलावरचा माझा हक्क

मित्रांनो, मी एक जुनी कापडी टोपी आहे. माझ्यासारखीकडे सांगण्याजोगे काही असते का, कोण जाणे. पण मनात जळफळाट साठला आहे, म्हणून बोलते.

मी एका लहानशा कारखान्यात शिवली गेले. मला पुढे चोच, मागे पट्टा आणि पट्ट्याच्या वर अर्धगोल फट. एका रंगाऱ्याने मला निवडले. त्याच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता. वाटले, या गुळगुळीत राज्याची मीच राणी!

रंगारी उंच भिंती रंगवायचा. वर पाहताना चोच डोळ्यांसमोर येई, म्हणून तो मला उलटी घाली. मग फट कपाळाच्या वर येई आणि दिवसभर तिथेच ऊन लागे. तिथे लाल कोर उमटली.

"अहो, डोक्यावर चंद्र उगवलाय!" बायको हसायची.

"मग आज दिवा लावू नकोस," तो म्हणायचा.

पुढे तिथे खपली धरली, पडली, पुन्हा धरली. जखम काही भरेना. बायकोचे हसू आटले.

"चला डॉक्टरकडे."

"अगं, टकलाला कसला डॉक्टर?"

"टक्कल म्हणजे काय भिंत आहे? कातडीच ना ती!"

डॉक्टरांनी खपलीची जागा कापून काढली, तपासली. "वेळेवर आलात. हे दुखणं पुढे जिवावर बेतलं असतं," ते म्हणाले आणि उन्हात जाण्याआधी लावायचे मलम दिले. बायकोने माझी फट ठिगळ लावून बुजवली. मला वाटले, आता तरी राज्य निर्वेध झाले.

कसले काय! रोज सकाळी बायको ते मलम त्याच्या डोक्याला, कानांना हळुवार चोळी. मी खुंटीवरून पाही. इतक्या वर्षांत मला असे कुणी गोंजारले नव्हते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई. 'संपू दे एकदाची ती ट्यूब!' मी मनात म्हणे.

एके दिवशी ती संपली. रंगारी मला घालून निघाला. मी फुलून गेले. पण दारातच बायकोने मला उतरवून पुन्हा खुंटीला टांगले.

"नुसती टोपी? मुळीच नाही. औषधाचं दुकान उघडेपर्यंत बसा गुमान."

मग तिने त्या जुन्या व्रणावरून बोट फिरवले. तो म्हणाला, "काही लागतंय का गं हाताला?"

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज ओला होता. मित्रांनो, त्या वेळी मीसुद्धा खुंटीवर सुटकेचा निःश्वास टाकला.

तेव्हा उन्हात निघालात की आधी त्या ट्यूबमधले मलम लावा, मग मला सरळ घाला. मलाही अधूनमधून धुवा. मत्सर मला वाटतो, पुढेही वाटेल. पण डोके शाबूत राहिले, तरच आम्हा दोघींना भांडायला जागा उरेल.