कमिटीसाठी राखलेले हातमोजे

आमच्या दमनहूर शहरात घरोघरी काचेचं कपाट असतं आणि त्यात लग्नातला चहाचा सेट. तो कुणी वापरत नाही. माझा नवरा फतही चहा चहा करत गेला बिचारा, पण त्या कपांना मी त्याचे ओठ लागू दिले नाहीत. पाहुण्यांसाठी आहेत, म्हणायचे. असल्या बाईला कॅन्सरच्या वॉर्डाची हेडनर्स केल्यावर दुसरं काय होणार?

केमोच्या औषधांसाठी जाड हातमोजे आणि गाऊन आले. मी ते वॉर्डातल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली. तपासणीची कमिटी आली की दार उघडायचं, कोऱ्या थप्प्या दाखवायच्या, शाबासकी घ्यायची. माझ्या हाताखालच्या नर्स पोरी, मला सगळ्या 'मिस' म्हणायच्या, साध्या पातळ हातमोज्यांत औषधं भरायच्या. कुणी कुरकुरलं की मी माझे हात नाचवायचे. "इतकी वर्षं उघड्या हातांनी केलं, मला काय धाड भरली?" भाषण झकास व्हायचं माझं.

त्यांतली रेहाम कधी कुरकुरायची नाही. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता, सासूचे टोमणे खाऊन गप्प राहायची सवय झालेली. एकदा तिच्या सिरिंजची सुई निसटली आणि लालभडक औषध पातळ मोजा भिजवून मनगटावर उतरलं. ती किंचाळली. पण तिने मनगट धरलं नाही, पोट धरलं.

मोजा ओरबाडून काढत मी तिला नळाखाली ओढलं आणि साबण चोळत विचारलं, "कितवा?"

"तिसरा. मिस नजात, कुणाला सांगू नका हो. नजर लागेल."

"अगं सटवे, नजरेला घाबरलीस आणि या विषाला नाही घाबरलीस?"

"तुम्ही कुठे घाबरता?"

मी नळ पूर्ण सोडला. तिने हळूच विचारलं, "बाळाला काही होईल का?" मी नुसती पाणी सोडत राहिले.

सांडलेलं पुसायला शेवटी कपाट उघडलं. हातमोजा चढवला तर टर्रकन फाटला. दुसराही फाटला. राखून राखून रबराचा पापड झाला होता. मला तिथेच रडू फुटलं. वर गाऊनने नाकही पुसलं, कोऱ्या गाऊनचा तेवढाच उपयोग.

रेहामला मी बाहेर फोनवर बसवलं. पोटाचं सांगायचं नव्हतं, म्हणून कामात ढिली आहे, असं सगळ्यांना सांगितलं. पोरींनी मला कैदाशीण ठरवलं. ठरवू देत. मग ते फाटके मोजे स्टोअरवाल्याच्या टेबलावर आपटले आणि नवे मिळेपर्यंत तिथून हलले नाही. पुढे कमिटी आली तेव्हा कपाट रिकामं होतं.

"सामान कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"पोरींच्या अंगावर."

माझ्या नावापुढे शेरा पडला.

परवा घाईत औषधाची पिशवी बदलायला गेले, ती सवयीने उघड्या हातांनीच. भर वॉर्डात बाहेरून आरोळी आली, "मिस! हातमोजे!"

वळून पाहिलं तर रेहाम दारात, टेबलामागे न लपणारं पोट घेऊन.

"तू केव्हापासून एवढी तोंडाळ झालीस गं?"

"मी कुठे? आत लाथा मारतंय ना, ते ओरडलं."

सगळा वॉर्ड हसला. मी मुकाट्याने हातमोजे चढवले, आणि डोळे पुसायला हात मोकळे राहिले नाहीत.