अकरावं नाव

खारीपाडा म्हणजे कळव्याच्या पलीकडची खाडीलगतची अकरा घरं. पाड्याचं नाव ना पालिकेच्या यादीत, ना कुठल्या ग्रामपंचायतीच्या. मिठागरं गेली, जमिनींना भाव आला, घरांवर मजले चढले, तरी पत्ता सांगताना शेजारच्या गावाचं नाव उसनं घ्यावं लागायचं. अशा पाड्याचा इतिहास लिहायला डोंबिवलीची प्राध्यापिका ऋजुता आली, तेव्हा महिपतला वाटलं, चला, आता आपली पाळी.

कारण महिपतच्या पोटात एक जुनं दुखणं होतं. आगऱ्यांच्या लग्नात हळदीला धवलारीण बाई धवले गाते. त्या गाण्यात ती एकेका घराच्या मूळपुरुषाला नाव घेऊन मांडवात बोलावते. इथली धवलारीण ठमाबाई, ऐंशीला टेकलेली. ती पहिलं नाव घ्यायची रघूचं, म्हणजे शेजारच्या कमलेशच्या आज्याचं. ते कानावर पडलं की महिपत उठून चालता व्हायचा. धवले हे बायकांचं काम, बाकीचे पुरुषही तोवर मटणाच्या टोपाभोवतीच असायचे, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नसे. पण महिपतचा नुसता जळफळाट व्हायचा. कमलेशचे तीन मजले, कमलेशच्या दारात भलीमोठी गाडी, आणि वर गाण्यातही पहिला मान कमलेशलाच! खाडीला बांध घालून इथे पहिली चूल मांडली ती आपल्या जोमाआज्याने, हे बापाने शंभरदा सांगितलेलं. मग रघू कुठून पुढे आला?

ऋजुता दोन महिने ठमाबाईच्या ओट्यावर बसून गाणी टिपत राहिली. हेही महिपतला खुपलंच. मग एके दिवशी तिने लिहिलेलं त्याला वाचायला दिलं. धवल्यात नावं दहाच. पहिला रघू. जोमाचा पत्ताच नाही.

"अकरावं नाव त्या सांगत नाहीत," ऋजुता म्हणाली. "शेवटचं नाव मांडवाबाहेर घ्यायचं नसतं म्हणे."

पुढचं ऐकायला महिपत शुद्धीवर होता कुठे! त्याने पेटीतून मिठागराचा पिवळा पडलेला कागद काढला. त्यावर जोमाचं नाव होतं.

"म्हातारीचा काय ऐकताव, मॅडम? पयली चूल आमच्या जोमाची. त्याला वर घ्या, नि रघूला टाका एकदम शेवटी. तो मागून आलेला."

रघू कधी आला हे महिपतला कुठे ठाऊक होतं? पण मत्सराला पुरावा लागत नाही. ऋजुताला कागद पटला. पुस्तक छापून आलं. 'धवल्यातील घरांचा क्रम' या मथळ्याखाली पहिला जोमा, अकरावा रघू. महिपतने ते पान कमलेशला दोनदा दाखवलं, आणि मग थेट ठमाबाईचा ओटा गाठला.

"बुकान असा छापलाय, ठमाकाकी. पयला जोमा, शेवटी रघू. आमच्या मयूरच्या हळदीला असाच म्हन."

ठमाबाईने पान उलटंसुलटं पाहिलं. "शेवटी रघू? नक्की?"

"नक्की."

"बरा. मांडव तुजा हाय."

मयूर म्हणजे महिपतचा नातू. त्याच्या हळदीला महिपत जन्मात पहिल्यांदा बायकांमध्ये ठाण मांडून बसला. ठमाबाईने सूर लावला आणि पहिलंच नाव आलं जोमाचं. महिपतची छाती फुलली. कमलेशला मुद्दाम शेजारी बसवून घेतलेलं, त्याच्याकडे त्याने हसून पाहिलं. दुसरं नाव, तिसरं नाव. सगळं मजेत चाललेलं.

दहावं नाव झालं आणि बायका एकदम उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर आले. महिपतची बायको मथूबाई सवयीने काडेपेटी घेऊन समईपाशी गेली. आजवर पाड्यातल्या प्रत्येक हळदीला ही समई तिनेच लावलेली, तिच्याआधी तिच्या सासूने. महिपतला यातलं काहीच माहीत नव्हतं.

ठमाबाईने अकरावं नाव घेतलं. रघूचं. मग मथूबाईच्या हातातली काडेपेटी हळूच काढून घेतली आणि कमलेशच्या बायकोला, रसिकाला, पुढे बोलावलं. रसिका बावरली, पण तिने समई लावली. सगळ्या बायकांनी वाकून हात जोडले.

"माजा काय चुकला गो, काकी?" मथूबाईचा आवाज रडवेला झाला.

"तुजा काय नाय, पोरी." ठमाबाई महिपतकडे बघत म्हणाली, "धवल्यान पावन्यांना आदी बोलवतान. जो मागून आला तो पयला. पाड्याचा घरधनी सगल्यांच्या शेवटी, आनी दिवा त्याच्या घरचा. इतकी वरसा शेवटचा नाव जोमाचाच होता."

"मंग आज?" तिने विचारलं.

"आज बुकान रघूचा हाय."

मथूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. कमलेशही पाहत होता. समई नीट पेटली होती, आणि महिपतला तिच्याकडे बघवत नव्हतं.